गंगेला भरती नसते

८ नोव्हेंबर १९९८, रविवार. सायखेडा

आजचा रोहू चिखलासारखा लागला. बोलले नाही. उलट दुसऱ्यांदा वाढून घेतला, वि. बघत होते म्हणून. (नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची सवय नाही, इथे तरी एका अक्षरावर भागवते.)

सकाळी त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच नदीवर गेले. इथे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. पुलाच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली बसलो. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारीक शिसं आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगा. तो तरंगा बुडाला की मासा लागला. बाबांच्या गरीला (इथे गळ म्हणतात) असलं काही नसायचं, त्यांना बोटालाच कळायचं. माहेरी खाडीच्या धक्क्यावर बाबा गरवायला बसले की मी त्यांच्या मागे...

जाऊ दे.

चपला काठापासून लांब ठेवल्या. डबाही वर खडकावर. वि. म्हणाले, "इतक्या लांब कशाला?" म्हटलं, भरती आली तर? त्यांना आधी कळलंच नाही. मग असे हसले की पलीकडे गोधड्या धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "अगं, गंगेला कुठली भरती!"

खरंच नाही. पाणी एकाच बाजूला जात राहतं. कितीतरी वेळ बघत बसले. मला आपलं वाटत होतं, आता थांबेल, आता वळेल.

११ नोव्हेंबर

सासूबाईंना इथे आत्याबाई म्हणायचं. हळूहळू जिभेवर बसतंय. त्या माळकरी. मामंजी गेले त्या वर्षी त्यांनी माळ घातली आणि मासळी सुटली. त्यामुळे घरात शिजवायचं नाही. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली चूल आहे, तिथे. भांडीही वेगळी: एक जर्मनचं पातेलं, एक बिडाचा तवा, एक पळी. गोठ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगलेली. ती आत यायची नाहीत, आतली बाहेर जायची नाहीत. मिठाची वाटीसुद्धा वेगळी.

शेजारच्या काकू कानात सांगून गेल्या, तुझ्या सासूसारखं माशाचं कालवण साऱ्या आळीत कुणाला जमत नव्हतं, लोक वाटी घेऊन यायचे.

चूल पेटली की त्या ओट्यावर येऊन बसतात. लांब, पण बरोबर अशा जागी की वारा चुलीकडून त्यांच्याकडे जावा. वारा बदलला की त्याही जागा बदलतात. हे माझ्या आजच लक्षात आलं. मनातल्या मनात इतकी हसले!

१५ नोव्हेंबर, रविवार

मरळ. हाताएवढी, काळी, डोकं सापासारखं. वि.नी बेडकाचं पिल्लू आमिषाला लावून धरली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. संध्याकाळी मी गोणपाट उघडलं तर ती माझ्याकडे बघत होती.

जिवंत!

आमच्याकडे मासा घरात येतो तो मेलेलाच. ताजा म्हणजे काय, तर डोळा लखलखीत आणि कल्ला लाल. जिवंत मासा स्वयंपाकाला हे मी जन्मात बघितलं नव्हतं. किंचाळले आणि दोन्ही हातांनी उचलून गोठ्याजवळच्या हौदात टाकून दिली. वि. म्हणाले, "अगं, ती दिवसभरबी जगती पाण्याबाहेर." म्हटलं, मग मारा आधी तुम्ही. तर म्हणतात, आज दमलोय, उद्या बघू.

उद्या सोमवार.

२९ नोव्हेंबर, रविवार

सोमवार झाला, मग चतुर्थी निघाली की कायसं, आणि आता मार्गशीर्ष लागला. महिनाभर मासा बंद. मरळ हौदातच. डासांच्या अळ्या खाऊन तिचं छान चाललंय.

मला भीती आत्याबाईंची. हौदातलं पाणी झाडांना आणि गाईला. माळकरणीच्या हौदात मासा! काल धीर करून विचारलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जित्या माशाचा इटाळ नसतो गं. मेल्यावर बघू."

दुपारी कुणी नसताना हौदाशी जाऊन बसते. ती तळाशी असते. मधेच सरळ वर येते, तोंड बाहेर काढून हवा घेते, पुन्हा खाली. तिला बघता बघता मला डुलकी लागते. काल स्वप्नात आमच्या घराच्या पायरीपर्यंत समुद्र आला होता. पायरीवर आत्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि पाण्याला म्हणत होत्या, "जरा सरक की तिकडं."

१३ डिसेंबर, रविवार

वि.ना पाटबंधाऱ्याच्या कचेरीची सुट्टी, म्हणून पहाटे त्यांच्याबरोबर पंचवटीत. शेतातली मेथी आणि झेंडू बाजारात उतरवला, मग रामकुंडाकडून चालत पुलापलीकडे गावात गेलो, गळाच्या दुकानात. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. बाई गं! गळ तळहातावर घेऊन उजेडात धरायचा, टोक नखावर टेकवून बघायचं, नखावरून घसरला की तो नको. मग तंगूस ओढून, दाताने चावून. साडी घेताना मी एवढा वेळ लावला असता तर या माणसाने मला दुकानात सोडून घर गाठलं असतं.

गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो म्हणे. उलटाच कारभार. चिलापीला बारका, रोहूला मधला, मरळीला जाड आणि लांब दांड्याचा, नाहीतर ती तंगूस कापते. मी विचारलं, तुम्हाला नक्की कुठला मासा धरायचाय? तर शांतपणे म्हणाले, "तसं काय नाय. बसायला मिळालं म्हणजे झालं."

या माणसाला घरात बोलताना ऐकायचं म्हणजे कान टवकारून बसावं लागतं. नदीवर मात्र बोलतात. तरंग्याकडे बघत, माझ्याकडे न बघता. मला ते आवडायला लागलंय, हे इथे लिहून ठेवते. त्यांना सांगणार नाही.

२० डिसेंबर, रविवार

मार्गशीर्ष संपला. मरळ संपली.

वि.नी कोयत्याच्या पाठीने एकच घाव घातला. मी तोंड फिरवलं होतं, पण शेपूट मीच धरली होती. रडू आलं, आणि रडता रडता भूकही लागली होती. दोन्ही खरं.

पुढचं सगळं ओट्यावरून. "आधी राख चोळ. आजून. बुळबुळ सुटली पाहिजे. आता मीठ-हळद. आता ताकात बुडव, चिखलाचा वास ताकात ऱ्हातो." कांदा निखाऱ्यात भाजला, सुकं खोबरं भाजलं, लसूण, कोथिंबीर, पाट्यावर वाटण. वर त्यांचा काळा मसाला. चिंचेचा कोळ घालायचा तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून आईने दिलेली चार आमसुलं टाकली.

उकळी फुटली. वारा तिकडे गेला.

"काय टाकलंस गं? आंबट हाय, पण चिचेचं नाय."

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला! सांगून टाकलं. त्यांनी नाक वर करून पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय. आन् चिच टाकू नको आता, तेच ऱ्हाऊ दे."

मीठ खरंच कमी होतं. बाजरीची भाकरी कुस्करून खाल्ली, भाताची आठवण आली नाही. काट्याबिट्याची कटकट नाही, पांढरंशुभ्र मांस. वि.नी बोटं चाटली. मला एकदम आत्याबाईंना एक घास द्यावासा वाटला, आणि तो देता येत नाही याचं फार वाईट वाटलं.

१७ जानेवारी १९९९, रविवार

काही लागलं नाही. सकाळभर.

धुकं इतकं की पलीकडचा काठ नव्हताच. तरंगा दिसत होता, त्याच्या पुढे काही नाही. वि. म्हणाले, लहानपणी त्यांना वाटायचं, गंगा इथेच सुरू होते, या बाभळीपाशी. वडील म्हणायचे, नाही रे, त्र्यंबकला. तर हे म्हणायचे, तिथली वेगळी असेल.

पाणी जातच होतं. आता मला त्याचं काही वाटत नाही. उलट डोळा लागतो. तरंगा हलला की मी आधी जागी होते, मग ते. शेंगदाण्याच्या पेंडीचं आमिष मीच मळते हल्ली, बडीशेप घालून. माझ्या हाताला दिवसभर पेंडीचा वास. आईला कळलं तर म्हणेल, शिकवून सवरून पोरीला...

चपला काठालाच काढते. डबाही काठालाच असतो.

७ फेब्रुवारी, रविवार

फार वाईट झालं.

आज मासे नदीवरच शिजवले. वि.चीच हौस. दोन चिलापी आणि एक वाम. पातेलं घरून नेलं होतं. जेवून झाल्यावर ते राखेच्या पाण्यात भिजत घातलं, काठालाच, अगदी पाण्यापाशी, आणि वि.शेजारी जाऊन बसले. ऊन कोवळं होतं. पापण्या जड.

तरंगा तिरका व्हायला लागला. मासा नव्हता. पाणीच चढत होतं. दगड एकेक करून बुडाले, आवाज न करता, अगदी खाडीतल्यासारखे. मी बघत राहिले. मला वाटलं, मी झोपेत आहे. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटत होतं.

मग वि. ओरडले, "आयला! आवर्तन!"

वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. आणि सोडणार हे यांना ठाऊक होतं! पाटबंधाऱ्यात नोकरी, आवर्तनाचा कागद यांच्याच टेबलावर. घरी सांगायचं तेवढं विसरले. पातेलं उचललं गेलं, गोल गोल फिरत मधल्या धारेला लागलं. आम्ही काठाने धावलो, पायात काटे, यांची पँट फाटली. पातेलं वळणावर गेलं आणि दिसेनासं झालं.

गंगेला भरती नसते म्हणे! नसते, तर ही काय होती? मी भर रस्त्यात भांडले. ते फाटकी पँट हाताने धरून पुढे चालत राहिले. त्याने आणखी राग आला.

आत्याबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "गंगेचं व्हतं, गंगेनं नेलं." आणि वाती वळत राहिल्या. पण जेवताना अर्धीच भाकरी खाल्ली.

९ फेब्रुवारी

आज आपणहून बोलल्या. ते पातेलं मामंजींनी आणलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पंचवटीतनं. "मी तोंड फुगवलं व्हतं. म्हणलं, पितळंचं का नाय आणलं? तर म्हणले, मासळीला जर्मनच बरं. आठ दिस बोलले नाय मी त्यांच्याशी." हसल्या. मग पदर डोळ्याला.

मी त्यांच्या पायाशी बसले होते. म्हटलं, मीपण परवापासून यांच्याशी बोलत नाहीये. तर म्हणाल्या, "आजून दोन दिस नको बोलू. मग बोल. त्याला बी कळू दे."

१९ फेब्रुवारी

बाजारातून आत्याबाई आल्या त्या घरात आल्याच नाहीत, बाहेरून वळसा घालून मागे गेल्या. नवं पातेलं. स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगलं आणि मग नळावर जाऊन हातपाय धुतले.

रुंद तोंडाचं आहे. म्हणाल्या, "तुकडे आडवे बसले पायजे. जुन्यात मोडायचे."

"दुकानदार काही बोलला नाही?" गळ्यात माळ आणि मागायचं मासळीचं पातेलं!

"हसला मेला. म्हणलं, सुनेसाठी हाय."

१४ मार्च, रविवार

उन्हाळा लागला. पाणी उतरलं, खडक वर आले, त्यांवर बगळे. वि. बारका गळ लावून बसले होते. लागत काही नव्हतं. त्यांनी आमिष बदललं, पुन्हा टाकलं, आणि तरंग्याकडे बघत म्हणाले, "कोकणात जागा निघतायत आमच्या. तुझ्या माहेराहून तासाभरावर. साहेब म्हणले, विनंती बदली होऊन जाईल. जूनच्या सुरुवातीला काय ते सांगावं लागंल."

मी हातातला पेंडीचा गोळा खाली ठेवला.

"तुम्हाला जायचंय?"

"मला काय. खाडीवर गरवीन." गरवीन म्हणाले! माझा शब्द.

"आणि आत्याबाई?"

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू सांगशील तसं. मी तुला इकडं आणलं, आता तू म्हणशील तिकडं येईन." तुकडाभर जमीन, मेथी, झेंडू, गाय, हे सगळं त्यांनी बोलण्यात आणलंच नाही. न आणता मधे ठेवलं.

मी हो म्हटलं नाही. पण घरी येताना गाडीवर मागे बसून डोळे मिटले तर लाटांचा आवाज. हसत होते मी. त्यांना आरशात दिसलं असेल.

१६ मे. माहेरी

समुद्र आहे तिथेच आहे. सकाळ-संध्याकाळ जाऊन बसते. येतो, जातो, येतो.

आईने पहिल्या दिवशी बांगडे, दुसऱ्या दिवशी सरंगा. तिरफळाचा वास, ओलं खोबरं. जेवले पोट फुटेस्तोवर. रात्री उलटी झाली नाही हेच नशीब. मग मी तिला मरळीचं सांगायला लागले, राख, ताक, काळा मसाला. ती ऐकून घेत होती. "गोड्या पाण्याचो मासो? तेका काय चव आसता गो?"

मला राग आला! मलाच नवल वाटलं. तावातावाने सांगितलं, तू खाऊन तरी बघितलायस का? आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू सासूसारख्या बोलाक लागलंस."

बाबांना बदलीचं सांगितलं. त्यांनी विडी विझवली. "येवा मगे. हयसर तुका कोण नाय म्हणता?" थोड्या वेळाने: "पण त्या बायेक एकट्या सोडून?"

एवढंच. मग जाळं शिवत बसले.

मला यायचंय. इथे उघड लिहिते. या किनाऱ्यावर मला म्हातारी व्हायचंय. आणि ओट्यावर वाऱ्याच्या बाजूला कुणी बसलेलं नसेल तर मी मीठ कुणाला विचारू, हेही.

३० मे, रविवार. सायखेडा

आल्याबरोबर आत्याबाईंनी कैरीचं पन्हं दिलं. मग पाण्याचा विषय काढला. आपणहून. "तुमच्याकडं पाणी जातं आन् परत येतं म्हणं?"

"हो. दिवसातून दोनदा."

"आन् माणसं?"

"मी आलेच ना परत," म्हटलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेल्या. म्हणजे आत्याबाईंना बदलीचं ठाऊक आहे. वि.नी सांगितलं असणार, किंवा नसेलही. या घरात वासावरून सगळं कळतं.

रात्री वि.नी विचारलं, "आईला घेऊन जाऊ म्हणलं तर?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, "मी विचारलं तर ती नाय म्हणणार. माझं सगळं ती नायच म्हणती आधी." मग आम्ही दोघं कूस बदलून जागे.

६ जून, रविवार

उद्या साहेबांना सांगायचंय.

सकाळी आत्याबाई म्हणाल्या, मी पण येते गंगेवर. आमच्याबरोबर कधी येत नाहीत. माळेवर पदर घेऊन, खडकावर, आमच्यापासून जरा लांब बसल्या. पाणी खोल नाही, डबक्या-डबक्यांतून. वि.ना एक शिंगटी लागली, तिचा काटा बोटात घुसला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि आत्याबाई तिथूनच ओरडल्या, "चुना लाव! पोरकट कुठला!"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारायचं म्हणून. शब्द जुळवत होते. आत्याबाई, तुम्ही आमच्याबरोबर... पुढे काय? तिथे चहूकडे मासळी, दारात, पडवीत, देवळाच्या वाटेवर. माळकरीण बाई तिथे राहणार कशी?

जणू ऐकलंच. म्हणाल्या, "तिथं लय वास येत आसंल."

"येतो."

"वास घ्यायला काय बंदी नाय म्हणा." आणि हसू दाबलं.

त्या नदीकडे बघत होत्या. लग्न होऊन आल्यापासून रोज बघितलेल्या नदीकडे. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही जा. किंवा म्हणतील, जाऊ नका. यातलं कुठलंही मला सोसलं नसतं.

"तुमची माती कशी हाय गं?"

"तांबडी."

"मेथी येती का तिच्यात?"

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आमच्याकडे कुणी लावलेली बघितली नाही. तसं सांगितलं.

"हं," म्हणाल्या. पायाशी ओल्या वाळूत बोट घालून त्यांनी एक भोक पाडलं, दुसरं पाडलं, मग तळहाताने सारखं केलं. "लावून बघाय लागंल."

वि. बोटाला फडकं गुंडाळून आमच्याकडे बघत होते. काठी तशीच टाकलेली. मी उठून त्यांच्यापाशी गेले. ते हळूच म्हणाले, "काय म्हणती?"

"मेथीचं विचारत होत्या."

त्यांना काही कळलं नाही. मला कळलं की नाही, सांगता येत नाही. आत्याबाई अजून वाळूकडेच बघत होत्या, आणि मी परत जाऊन त्यांच्याजवळ बसले.